ज्याचे पात्र त्याने आणावे

भागूबाई साळवे हे नाव मी सगळ्यांच्या आधी लिहितो, कारण मला लिहिता आले ते तिच्यामुळे. गोदावरीच्या काठच्या आमच्या तालुक्याच्या गावी, महारवाड्याच्या टोकाला तिचे दोन खणांचे घर. ती स्वतः तिशीत अक्षरे शिकली आणि मिशनने तिला घरोघर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवण्याच्या कामावर नेमले. माझे आईबाप दुष्काळात गेले तेव्हा तिने मला कडेवर घेऊन घरी आणले. काल जे अक्षर ती शिकली असेल ते आज मला शिकवायचे, असा तिचा शिरस्ता होता. त्यामुळे कित्येक दिवस तिच्यात आणि माझ्यात एकाच अक्षराचे अंतर असे. पुढे बोर्डिंग आले, शिष्यवृत्ती आली, मुंबईचे कॉलेज आले. पुष्कळांनी हात दिला आणि त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण पहिले बोट तिचे. मी तिला भागूआई म्हणतो. आणि याच भागूआईला तीन हिवाळ्यांपूर्वी मी एक पत्र लिहिले, त्यातले एक वाक्य खोटे आहे.

यंदाही थंडी पडली. मुंबईची थंडी ती काय. पहाटे पायाला फरशी गार लागते आणि दुपारी सदरा घामाने ओला होतो. पण साथ आली त्या पहिल्या सालापासून या गारव्याला एक वास चिकटून बसला आहे. चुन्याचा, गंधकाचा आणि कार्बोलिकचा. परवा सकाळी गिरगावातल्या आमच्या मिशनच्या चाळीत चुन्याची बादली आली आणि माणसे भिंती पांढऱ्या करू लागली. खालच्या बिऱ्हाडातली म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, बोचकं बांधलंत की नाही? आली हो ती पुन्हा." आमच्याकडे तिचे नाव कोणी घेत नाही. नुसते 'ती' म्हणतात.

"कुठे जाऊ, आजी?"

"अगो बाई, तुमचं गाव नाही?"

गाव आहे. पण तिथे जायचे तर तोंड लागते. मी हसून वर निघून आलो.

त्या पहिल्या हिवाळ्याचे मला सलग काही आठवत नाही. तुकडे आठवतात. आधी मांडवीकडून बातमी आली, की गोदीजवळ माणसे गाठी येऊन मरत आहेत. मग आमच्या शाळेतली बाके रिकामी होऊ लागली. हजेरी घेताना मी नाव पुकारायचो आणि मुले एकमेकांकडे पाहायची. 'गावी गेला' असे कोणी म्हटले की वर्गाचा जीव भांड्यात पडे. कोणीच काही म्हटले नाही की मी पुढचे नाव घेई. आठवते ते उघडे आकाश. परळ-लालबागच्या गिरण्यांची धुराडी थंड पडली होती आणि इतके स्वच्छ निळे आकाश मी त्या बाजूला कधी पाहिले नव्हते. माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन शीवच्या दिशेने चालत होती, आणि वर ते सुंदर आकाश. आजही आकाश फार निळे दिसले की मी खाली पाहून चालतो.

सरकारी माणसे घरात ऊन यावे म्हणून छपराची कौले काढीत. लालबागच्या एका चाळीत मी डोकावलो तर एका विझलेल्या चुलीवर चौकोनी ऊन पडले होते. बांधल्यापासून त्या चुलीने ऊन पाहिले नसेल. घरात कोणी नव्हते. दारावर, आत माणूस दगावल्याची खूण म्हणून, तांबडे वर्तुळ काढलेले. कोपऱ्यात एक उंदीर पाय वर करून पडला होता आणि त्याच्याशेजारी नीट घडी घातलेले लुगडे होते.

आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या समाजाला मंडळी म्हणतो. आमची मंडळी लहान. अर्धी गिरगावची, म्हणजे मास्तर, कारकून, डॉक्टर, त्यांच्या बायका. त्यांतले पुष्कळ ब्राह्मण, प्रभू अशा घरांतून आलेले. अर्धी परळची, गिरण्यांत राबणारी. ती बहुतेक आमच्या नगरकडची, महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून आलेली. रविवारी सगळे गिरगावच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एकत्र बसत. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते विनायकराव. कोकणातल्या भटांच्या घरचे, सत्तरीला आलेले. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांच्या घरच्यांनी त्यांचे श्राद्ध घातले होते. ते हे हसत सांगत, पण प्रत्येक वेळी सांगत.

त्या हिवाळ्यात मंडळीने जे केले ते मी कमी लेखू इच्छीत नाही. तिरडी उचलायला, खड्डा खणायला भाड्याने माणूस मिळेना, तेव्हा आमच्यातल्या पुरुषांनी पाळी लावली. परळचे लोक पाळी नसतानाही येत. सुतार पळाले होते, म्हणून शाळेची बाके फोडून आम्ही पेट्या केल्या. एका पेटीच्या फळीवर कोणा पोराने चाकूने कोरलेले आपले नाव होते. ती पेटी शिवडीच्या दफनभूमीत उतरवताना मी ते नाव वाचले आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत हजर होता, ठणठणीत. मी त्याला उगाच जवळ घेतले, तर तो म्हणाला, "मास्तर, मी काही केलं नाही."

बायांनी कफने शिवली. परळला एका ओसाड जागेत, चिंचांच्या सावलीत, मिशनने बांबूच्या चटयांची एक लांब झोपडी उभी केली. सरकारी इस्पितळाच्या धास्तीने घरात लपून मरण्यापेक्षा लोक तिथे येऊ लागले. डॉक्टर अप्पासाहेब सरकारी नोकरी सांभाळून रोज तिथे येत. ते आमच्या पंचांतले, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाच जणांतले एक. शांत माणूस. हात धुवून धुवून त्यांच्या बोटांची सालपटे निघाली होती. पुढे जे झाले त्याचा दोष कोणी त्यांच्यावर टाकू नये.

आता प्याल्याविषयी सांगितले पाहिजे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचे प्रभुभोजन असते. पावाचा तुकडा आणि द्राक्षरस. द्राक्षरसाचा प्याला एकच, दोन कानांचा, पितळेचा, आतून कल्हई केलेला. तो पाळकाच्या हातून निघतो आणि रांगेतून हातोहात फिरतो. ज्याने घोट घेतला तो शेजाऱ्याला देतो. पुसायचा नाही, फिरवून दुसरी कड घ्यायची नाही, असा अलिखित नियम. परक्याला हे साधे वाटेल. पण ज्याला जन्मभर ओंजळीत वरून पाणी मिळाले त्याला विचारा.

भागूआई मला तिच्या पहिल्या प्याल्याची गोष्ट सांगायची. ती कितीदा ऐकली तरी मी पुन्हा मागत असे. गावच्या लहानशा देवळात रांगेत तिच्या शेजारी एक नवे ख्रिस्ती झालेले कुलकर्णी बसले होते. प्याला तिच्याकडून त्यांच्याकडे जायचा होता. "म्या प्याला फुडं धरला," ती म्हणायची, "वाटलं, आता हा मानूस उठून जातो. तर त्यानं घेतला, आन् डोळं मिटून पेला. दावीद, मी त्या दिशी मानूस झाले बघ." दावीद म्हणजे मी.

जानेवारी तोंडावर होता आणि मंडळीतली अकरावी पेटी आम्ही पुरली होती. पंचांची बैठक भरली. मी पंच नव्हतो. माझे अक्षर चांगले म्हणून टिपणे लिहायला बसत असे.

डॉक्टर अप्पासाहेब म्हणाले, "एका माणसाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाते आहे. मी रोज ह्या रोगाशी बसतो. येत्या रविवारी तो प्याला फिरवू नये, एवढेच माझे म्हणणे."

"मग भोजन बंद ठेवायचे?" पाळकसाहेबांनी विचारले.

"बंद नको. अशा दिवसांत तर नकोच. ज्याने त्याने घरून आपली वाटी आणावी. आपण वरून ओतू."

कोणी हरकत घेतली नाही. पाळकसाहेब माझ्याकडे दौत सरकवून म्हणाले, "मास्तर, नीट शब्दांत लिहा." मी नीट शब्दांत लिहिले. 'रोगाच्या कारणास्तव, येत्या प्रभुभोजनास ज्याचे पात्र त्याने आणावे.' भांडे न म्हणता पात्र म्हटले, याचा मला आनंद झाल्याचे आठवते. मला त्या ओळीत दुसरे काहीच दिसले नाही. नऊ वर्षे मी बोर्डिंगात आणि कॉलेजात काढली होती. तिथे प्रत्येकाचा पेला वेगळा, त्यावर नाव घातलेले, आणि ते स्वच्छतेचे लक्षण मानत. वाईट हेतूने लिहिले असते तर निदान मला ते कळले तरी असते.

शनिवारी सूचना वाचून दाखवायला मी परळला गेलो. भायखळ्यापर्यंत घोड्याची ट्राम, पुढे पायी. तिथे तुळसाबाईच्या खोलीत परळच्या मंडळीची प्रार्थना भरे. तुळसाबाई भागूआईची धाकटी बहीण, गिरणीत रिळावर काम करणारी, नवऱ्यामागे एकटी राहणारी. मी मुंबईला प्रथम आलो तेव्हा भागूआईने मला हिच्याच हवाली केले होते. कॉलेजची सगळी वर्षे रविवारची बाजरीची भाकरी मी हिच्याकडे खाल्ली. आणि दर रविवारी टोमणाही खाल्ला: "येवढा बी.ए. करतुयास, पर चुलीफुडं बसवला तर भाकरीचा नकाशा करशील."

मी सूचना वाचली. खोलीत पंचवीसतीस माणसे दाटीने बसली होती.

"पुन्यांदा वाच," तुळसामावशी म्हणाली.

मी पुन्हा वाचली.

"पात्र म्हंजी भांडं?"

"हो, मावशी."

"आपलं भांडं आपुन न्यायाचं. आन् त्ये वतनार."

"हो. म्हणजे प्याला तोंडोतोंडी जायला नको. रोगासाठी आहे ते."

"वरनं वतनार?"

तेव्हा मला कळले. माझ्या हातातला कागद खरोखर जड झाला. भिंतीशी बसलेला एक म्हातारा, तोंडात तंबाखू धरून, अगदी सौम्यपणे म्हणाला, "आमच्या गावात बी रोगच व्हता. हजार वरसं गेला न्हाई." दोघेतिघे हसले. ते हसणे मी विसरलेलो नाही.

"मावशी, हे सगळ्यांना आहे. गिरगावच्यांनाही."

"त्यास्नी कवा कुनी सांगितलं व्हतं, दावीद? त्यास्नी ही पयली बारी हाय." ती उठली आणि चुलीकडे वळली. "जा बाबा. ऊन हाय तवर जा."

मला तेव्हाच गिरगावला जाऊन पंचांना सांगता आले असते. पाळकसाहेबांना एक शब्द बोललो असतो तर त्यांनी तो कागद फाडला असता, याची मला आज खात्री आहे. मी सांगितले नाही. सुशिक्षित माणसाने रोगाच्या बाबतीत अडाणी लोकांची बाजू घ्यावी हे मला लाजिरवाणे वाटले. आणि खरे सांगायचे तर त्या प्याल्याचे मला भयही वाटत होते.

रविवारी परळची सगळी माणसे आली. देवळाच्या पायऱ्या चढली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. आत गिरगावची मंडळी आपापल्या वाट्या घेऊन बसली होती. रुप्याच्या, पितळेच्या, एकदोन चिनी मातीच्या. डॉक्टर अप्पासाहेब हातात सुरई घेऊन उभे होते. "आत या ना," त्यांनी बोलावले.

तुळसामावशी पुढे झाली. तिने पदराखालून नारळाची करवंटी काढली. तिच्यामागे एकेकाने काढली. सगळ्यांच्या हातात करवंट्या. गावाकडे आम्हांला ताक, पाणी, जे काही मिळे ते करवंटीत मिळे, कारण करवंटी परत घ्यावी लागत नाही. तिने ती दोन्ही हातांनी पुढे धरली, मान खाली घातली, आणि ज्या आवाजात तिची आई पाटलाच्या दारात बोलत असेल त्या आवाजात म्हणाली, "वाढा, मायबाप."

अप्पासाहेबांनी सुरई खाली ठेवली. गिरगावच्या कित्येकांना हा काय प्रकार आहे ते कळलेच नाही, एका बाईने हलकेच विचारलेही, "यांच्याकडे वाट्या नाहीत का हो?" पाळकसाहेबांना कळले. ते वेदीपाशी खाली बसले, लहान मूल बसते तसे. त्या रविवारी भोजन झाले नाही. परळचे लोक करवंट्या पायरीवर ओळीने ठेवून निघून गेले आणि पुढे देवळात आले नाहीत.

डॉक्टर चुकीचे नव्हते आणि तुळसामावशीही चुकीची नव्हती. हा गुंता मी तीन वर्षे उलटसुलट करून पाहिला आहे. रोग खरा होता. थुंकीची भीती खरी होती. आता कोणी उंदरांचे नाव घेतात, कोणी जमिनीतल्या वाफेचे, पण तेव्हा कोणाला काय ठाऊक होते? आमची चूक एवढीच, की विचारायला कोणी परळला गेले नाही. निरोप्या म्हणून मी गेलो, विचारायला नाही.

परळचे लोक देवळात येईनात, पण पेट्या खांद्यावर घ्यायला येत. तुळसामावशी चिंचांखालच्या झोपडीत राबू लागली. गिरणी बंदच होती. मी तिथे दूध पोचवायला गेलो तर ती कोणाच्या तरी काखेतल्या गाठीवर शेक देत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "द्येवळात येनार न्हाई. हितं मानसं मरत्यात, हितं येईन. ती तपेली भुईला ठिव, माझ्या हाताला लागू नगं." मी तपेली खाली ठेवली. "ठिवली बघ लगेच," ती म्हणाली, आणि हसली. थट्टा होती की टोचणी, कोण जाणे.

फेब्रुवारीत ती आजारी पडली. निरोप आला की ताप भरला आहे, जांघेत गाठ आहे, आणि ती प्रभुभोजन मागते आहे.

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, चला." त्यांनी तो दोन कानांचा प्याला फडक्यात बांधून घेतला. दुपारी चारचा सुमार. चटयांच्या फटींतून उन्हाच्या रेघा सगळ्या खाटांवर पडल्या होत्या. त्या रोगात जीभ जड होते, माणूस दारू प्याल्यासारखा बोलतो. मावशीचे बोलणे तसे झाले होते, पण डोळे शुद्धीवर होते.

पाळकसाहेबांनी थोडक्यात प्रार्थना केली, पाव मोडला, आणि प्याला तिच्या ओठांना लावला. तिने घोट घेतला. मग तिने एक केले ते माझ्या ध्यानीमनी नव्हते. दोन्ही हातांनी प्याला पाळकसाहेबांच्या हातातून घेतला आणि देवळातल्या रांगेत शेजाऱ्याला देतात तसा माझ्यापुढे धरला.

तिचे ओठ सुजले होते, फुटले होते. प्याल्याच्या कडेवर ओला डाग होता. मी प्याला घेतला. भागूआईची आठवण झाली का? नाही झाली. मला फक्त तो डाग दिसत होता. मी प्याला तोंडाला नेला, ओठ मिटून घेतले, द्राक्षरस ओठांवर आपटला आणि मागे गेला. घोट घेतल्यासारखा मी गळा हलवला. मग प्याला पाळकसाहेबांना दिला. ते प्याले. उरलेले सगळे प्याले.

"पेलास ना रं?" मावशीने विचारले.

"हो, मावशी."

"मंग झालं," ती म्हणाली. "आता वतायला सांग कुनाला बी. माझं झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. शिवडीला तिची पेटी परळच्या बायांनी उचलली. पुरुषांना त्यांनी हात लावू दिला नाही.

त्या चारच्या दुपारी परतताना पाळकसाहेब आणि मी लालबागपर्यंत पायी आलो. हवा शुद्ध व्हावी म्हणून चौकात डांबर जाळत होते, त्याचा काळा धूर अंगावर येत होता. म्हातारा मधेच थांबला, छत्रीवर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, "मास्तर, मी पहिले वर्षभर प्यालो नाही."

मला कळेना.

"प्रभुभोजनात. मी नवा ख्रिस्ती झालो तेव्हा. आधी कोणी हलक्या जातीतला प्यायलेला असला की मी नुसता ओठ लावायचो. बाप सोडला, आई सोडली, जानवे समुद्रात टाकले, आणि तो एक घोट काही केल्या घशाखाली जाईना. अगदी तुमच्यासारखा गळा हलवायचो. आज प्रथम कोणाला सांगतो आहे."

त्यांनी मला धीर द्यायला सांगितले. मला धीर आला नाही. माझ्या मनात भलतेच आले. भागूआईच्या त्या दिवशी, तिच्या शेजारचे ते कुलकर्णी डोळे मिटून खरेच प्याले असतील का? हा प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही आणि तिच्या कानावर तो कधी घालणार नाही. तो कुलकर्ण्यांचा आणि देवाचा मामला आहे. माझा मामला निराळा. मला जातीची किळस नव्हती. ती असायला मी कोण? मला मरणाचे भय होते. पण प्याला पुढे धरणाऱ्याला आतले कारण दिसत नाही.

मग मी भागूआईला पत्र लिहिले. ती छापील अक्षर वाचते, म्हणून तिला मी मोठी, सुटी अक्षरे काढून लिहितो. तुळसामावशी कशी राबली ते लिहिले, कशी शांतपणे गेली ते लिहिले, आणि लिहिले: 'शेवटी तिच्यामागून त्याच प्याल्यातून मी प्यालो.' करवंट्यांचे काही लिहिले नाही. त्या कागदाचेही नाही.

तिचे उत्तर आले. पोस्टकार्डावर, पाटीवर लिहावे तशा ओळी. तिने लिहिले होते की तुझे पत्र मी रविवारी साऱ्या मंडळीत उभी राहून वाचले, समदी रडली, आणि माझी बहीण एकटी गेली नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. ते कार्ड मी पेटीत तळाला ठेवले आहे. तेव्हापासून गावी गेलो नाही. कामाची सबब सांगतो. देवळात प्याला माझ्यापर्यंत आला की मी तो तसाच पुढे देतो. शेजारी समजतात, मास्तरांना काही पथ्य असेल.

पावसाळ्यात रोग ओसरला तेव्हा एकच प्याला पुन्हा सुरू झाला. परळचे काही परत आले, काही नाही. आणि परवा चुन्याची बादली आली त्याच संध्याकाळी एका पंचाने मला निरोप धाडला: मास्तर, मागच्यासारखी सूचना लिहून ठेवा, गरज पडेल. मी कळवले की आधी परळला जाऊन विचारू, आणि तिथे पंचांनी स्वतः जावे. अजून उत्तर नाही. डॉक्टर अप्पासाहेब मात्र काल शाळेत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही जाल तेव्हा मला बरोबर घ्या." त्यांची बोटे अजून तशीच सोललेली आहेत.

ते गेल्यावर मी मुलांच्या पाटीवरचे पुसले, वर्गाचे दार ओढून घेतले आणि पत्र लिहिले. आज सकाळी ते टपालात टाकले. त्याची नक्कल ही.

*प्रिय भागूआई,*

*सलाम. मी बरा आहे. इकडे पुन्हा आजार आला आहे, म्हणून हे लिहायला उशीर करीत नाही.*

*तुळसामावशी गेली तेव्हा मी तुला लिहिले की तिच्यामागून मी त्याच प्याल्यातून प्यालो. ते खोटे आहे. तिने प्याला माझ्या हातात दिला. मी ओठ मिटून घेतले. मला तिच्या रोगाचे भय वाटले. तिने विचारले, प्यालास ना? मी हो म्हटले. तिने ते खरे मानले आणि दुसऱ्या दिवशी गेली. पाळकसाहेब प्याले. ते जिवंत आहेत.*

*त्याच्या आधी, ज्याने त्याने आपले भांडे घरून आणावे असा कागद देवळात लागला होता. तो मी लिहिला. मावशीच्या खोलीत तो मीच वाचला. ती त्या रविवारी करवंटी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तेही मी तुला कळवले नाही. कागद लिहिताना मला काही आठवले नाही, आई. तू शिकवलेल्या अक्षरांनीच तो लिहिला.*

*रागाने काही लिहिलेस तरी चालेल. काहीच लिहिले नाहीस तरी मी समजेन. बाहेरगावच्या माणसांना नाक्यावर अडकवून ठेवतात, पण तू ये म्हणालीस तर मी येईन, लागतील तितके दिवस तिथे बसेन.*

*ते पहिले पत्र तू मंडळीत उभी राहून वाचलेस. हेही वाच.*

*तुझा,*
*दावीद*